आधी काठ, मग तळं: प्लॅनेट झूमध्ये रंकाळ्यासारखं पक्षी उद्यान कसं उभारावं

प्रश्न थोडक्यात असा: "ताई, मी इचलकरंजीचा. तीन महिने झाले, प्लॅनेट झू हा प्राणिसंग्रहालय बांधायचा कॉम्प्युटर गेम खेळतोय. कोल्हापूरच्या रंकाळ्यासारखं तळं करून त्याच्याभोवती पक्षी उद्यान बांधायचं डोक्यात आहे. तळं मोठं खणलं, फ्लेमिंगो सोडले, मोर सोडले, शेजारी कोळसुंद्यांचा, म्हणजे रानकुत्र्यांचा, कळप ठेवला. पण फ्लेमिंगोंचं वेल्फेअर (गेममधला प्राण्याच्या सुखाचा आकडा) काही केल्या वर जात नाही, कोळसुंदे सारखे ताणात असतात, प्रेक्षक एकाच कोपऱ्यात गर्दी करतात आणि सगळं कसं निर्जीव दिसतं. वर माझा पीसी अडखळतोय. माझं नेमकं काय चुकतंय?"

तू पाठवलेले चारही स्क्रीनशॉट मी मोठे करून बघितले. तक्रारी पाच आहेत, पण त्यातल्या पहिल्या तिन्हींचं मूळ एकच आहे: तू तळं खणलंस, काठ बांधला नाहीस. पाणी एकदम खोल सुरू होतं, गवत एकदम संपतं, जाळी एकदम उभी राहते आणि रस्ता थेट जाळीला भिडतो. पक्षी राहतात ते या सगळ्याच्या मधल्या पट्ट्यात. तोच पट्टा तुझ्या बागेत नाही. म्हणून या उत्तरात मी बहुतेक काठाबद्दलच बोलणार आहे.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. मी कोल्हापुरात बागांचे आणि मोकळ्या जागांचे आराखडे करते. झू टायकून हा जुना गेम २००१ चा, तो मी कॉलेजात असताना सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने खेळायचे. प्लॅनेट झू ५ नोव्हेंबर २०१९ ला आला, तेव्हापासून आजतागायत त्यात बांधतेय. दिवसा खऱ्या जमिनीवर उतार काढायचे आणि रात्री स्क्रीनवर, अशी सवय पडली आहे. एकीकडे शिकलेलं दुसरीकडे उपयोगी पडतं, हे मी अनुभवाने सांगते.

आता रंकाळा. तू स्क्रीनशॉटमध्ये शालिनी पॅलेससारखी एक इमारत ठेवली आहेस, संध्यामठासारखा मंडपही पाण्यात उभा केला आहेस. ते छान जमलंय. पण पक्ष्यांच्या नजरेतून रंकाळा म्हणजे पॅलेस नव्हे. सकाळी साडेसहाला चौपाटीच्या दगडी बांधावर उभी राहिलीस—म्हणजे राहिलास—तर समोर पाण्यात फारसं काही दिसत नाही. दिसतात ते मधे पोहणारे वारकरी पक्षी, तेही लांब, काळे ठिपके. तेवढ्यात जिथं पाणी उथळ होत जातं, गवत आणि पाणवनस्पती माजलेल्या असतात, तिथं नजर गेली की बघायला डोळे पुरत नाहीत.

मागच्या हिवाळ्यात मी तिथं एक जांभळी पाणकोंबडी जवळजवळ वीस मिनिटं बघत होते. माझ्यापासून आठ-दहा पावलांवर. लांब लाल बोटं पसरून ती जलपर्णीवरून चालत होती, पण पान बुडत नव्हतं, कारण वजन बोटाबोटांत वाटलं जात होतं. मग तिनं एक कोवळा देठ चोचीनं उपटला, एका पायात मुठीसारखा पकडला आणि आपण ऊस सोलतो तसा सोलून आतला गर खाल्ला. साली तिथंच पडल्या. तिच्यामागे दोन हातांवर एक वंचक उभा होता, मातकट, अगदी दगडासारखा. तो तिथं आहे हे मला तो उडाल्यावरच कळलं, कारण उडाला की त्याचे पंख पांढरेशुभ्र दिसतात. एका सुकलेल्या फांदीवर पाणकावळा पंख उघडून वाळवत बसला होता. खंड्या त्याच फांदीच्या खालच्या टोकावर. चार पक्षी, चार उंच्या, आणि सगळे मिळून अंगणाएवढ्या जागेत. त्याच वेळी बांधाच्या बाजूला, जिथं दगड सरळ पाण्यात उतरतो, तिथं एकही पक्षी नव्हता.

हे तुला गेममध्ये करायचं आहे.

कसं करायचं ते आता नीट सांगते, कारण इथंच बहुतेकांचा घोटाळा होतो. प्लॅनेट झूमध्ये आपण आधी जमीन खोदतो आणि मग त्या खड्ड्यात पाणी भरतो. नवा माणूस खोदायचा ब्रश मोठा घेतो, जोर वाढवतो आणि एका फटक्यात विहिरीसारखा खड्डा पाडतो. कडा सरळ. मग पाणी भरलं की तळं तयार दिसतं, पण प्राण्याच्या दृष्टीने ती जागा अर्धीअधिक बाद झालेली असते, कारण तीव्र उतारावर प्राणी चढू-उतरू शकत नाहीत. तू त्या हॅबिटॅटवर, म्हणजे प्राण्याच्या आवारावर, क्लिक करून चालण्याजोग्या जागेचा हीटमॅप, म्हणजे रंगांनी दाखवलेला नकाशा, उघडून बघ. माझी खात्री आहे, तुझ्या तळ्याच्या कडेला गोलाकार बिनरंगाची पट्टी दिसेल. तुला वाटतंय तू फ्लेमिंगोंना मोठी जागा दिलीस. प्रत्यक्षात ते मधल्या एका तुकड्यावर अडकलेत.

म्हणून खोदकाम उलटं कर. मधून सुरुवात करू नकोस. आधी काठाची रेघ ठरव, वेडीवाकडी, आत-बाहेर जाणारी, दोन-तीन ठिकाणी जमिनीची जीभ पाण्यात घुसलेली. मग ब्रश मोठा पण जोर अगदी कमी ठेवून काठापासून आत हळूहळू खाली उतर. माझा स्वतःचा हिशेब असा आहे की एक मीटर खोलीला निदान आठ ते दहा मीटर लांबीचा उतार हवा. ऐकायला फार वाटतो, पण खऱ्या तळ्यांच्या कामातही मी याहून उभा उतार पक्ष्यांच्या बाजूला ठेवत नाही. खोली हवी असेल तर ती तळ्याच्या एकाच बाजूला, प्रेक्षकांच्या विरुद्ध टोकाला, काढ. शेवटी स्मूदिंगचा, म्हणजे जमीन गुळगुळीत करायचा, ब्रश फिरव, पण काठावर फिरवू नकोस, नाहीतर सगळ्या जिभा पुसून जातील आणि पुन्हा बशी तयार होईल.

पाणी भरल्यावर ते काठाच्या वर-खाली नेमकं कुठं येतं ते बघ. मी पहिल्यांदा मुद्दाम पाणी थोडं कमी ठेवते. मग काठाला ओल्या मातीचा रंग देते: पाण्यालगत चिखल, त्याच्या बाहेर वाळू किंवा बारीक खडी, त्याच्या बाहेर आखूड गवत, मग उंच गवत. हे चार पट्टे एकमेकांत शिरले पाहिजेत, सरळ रेषेत येता कामा नयेत. जमिनीचं हे रंगकाम नुसतं दिसण्यासाठी नसतं. प्रत्येक प्राण्याला किती गवत, किती माती, किती वाळू हवी याचं प्रमाण झूपीडियात, म्हणजे गेममधल्या माहितीकोशात, दिलेलं असतं आणि त्याचा वेल्फेअरवर थेट परिणाम होतो. तुझ्या फ्लेमिंगोंच्या जमिनीवर जवळजवळ सगळं उंच गवत आहे. तेवढं बदललंस तरी आकडा हलेल.

खऱ्या फ्लेमिंगोबद्दल थोडं सांगते, कारण तो पक्षी समजला की त्याची जागा आपोआप सुचते. आपल्याकडे त्याला रोहित किंवा अग्निपंख म्हणतात. उजनी धरणाच्या फुगवट्यात भिगवणला हिवाळ्यात थवे उतरतात तेव्हा बघ. बोटीतून लांबून बघावे लागतात, पण बघ. तो चिखलाळ उथळ पाण्यात मान खाली घालून, चोच उलटी करून पाणी गाळून खातो. त्याचा गुलाबी रंग खाण्यातल्या रंगद्रव्यांतून येतो. घरटं म्हणजे चिखलाचा छोटा बुरूज, वर खळगा, त्यात बहुधा एकच अंडं. आणि हा पक्षी थव्यातच रमतो. थवा लहान असला की प्राणिसंग्रहालयांतही त्यांची वीण नीट होत नाही, म्हणून काही ठिकाणी थवा मोठा भासावा यासाठी आरसे लावले गेले आहेत. आता तुझ्या बागेत बघ: तू फक्त दोनच सोडले आहेस. झूपीडियातला गटाचा आकडा बघ आणि तेवढे आण. मग तळ्याच्या एका जिभेवर चिखलाचे आठ-दहा उंचवटे कर. गेममध्ये त्यांचा घरट्यासाठी उपयोग होत नसला तरी बघणाऱ्याला पक्षी कळतो, आणि माझ्या मते तेच आपलं काम आहे.

माझं पहिलं फ्लेमिंगो तळं अगदी तुझ्यासारखंच होतं. चारही बाजूंनी रस्ता, मधे निळं खोल पाणी, कडेला दगडी कठडा. त्याच सुमारास एका खासगी फार्महाउससाठी आम्ही कमळाचं तळं केलं होतं. मालकाच्या आग्रहाने भिंती सरळ, काँक्रीटच्या. वर्षभर एक पक्षी फिरकला नाही. पुढच्या उन्हाळ्यात मी एका कोपऱ्यात जांभ्याचे तुकडे आणि माती टाकून तिरपा भराव करून घेतला, लव्हाळं लावलं, एक सुकलेलं झाड आडवं टाकलं. दिवाळीनंतर तिथं वंचक आला, मग खंड्या, मग एक दिवस टिटवी. बाकीच्या तीन कोपऱ्यांत अजून कुणी येत नाही. त्या रात्री मी गेममधलं तळं बुजवलं आणि पुन्हा खणायला घेतलं.

आता कोळसुंद्यांकडे येते. राधानगरीच्या जंगलात कोळसुंदा आहे, त्यामुळे तू तो निवडलास याचं मला फार बरं वाटलं. दाजीपूर म्हटलं की लोक गव्यापलीकडे बघत नाहीत. राधानगरी १९५८ साली अभयारण्य झालं, ते गव्यांसाठीच. पण त्या जंगलात गव्यामागे धावणारा कळप असतो हे विसरलं जातं.

त्यांचा ताण का वाढतो? कारण त्यांना लपायला काठ नाही. हाइनी हेडिगर हा स्विस प्राणिशास्त्रज्ञ बर्न, बाझल आणि झुरिकच्या प्राणिसंग्रहालयांचा प्रमुख होता. त्याने एक साधी गोष्ट मांडली: प्रत्येक प्राण्याचं एक पळ काढण्याचं अंतर असतं. माणूस त्या अंतराच्या आत आला की प्राणी मागे सरकतो. सरकायला जागा नसेल तर त्याचं वागणं बिघडतं. बंदिस्त जागेत तर ही गोष्ट अधिकच महत्त्वाची, कारण मागे भिंत असते. तुझ्या हॅबिटॅटला तीन बाजूंनी काच आणि काचेला लागून रस्ता आहे. कोळसुंद्यानं कुठल्याही दिशेला मान वळवली तरी माणूसच दिसतो.

उपाय असा. काच एकाच बाजूला ठेव, आणि ती एकतर्फी काच घे, म्हणजे आतून बाहेरचं दिसत नाही. उरलेल्या दोन बाजूंचा रस्ता मागे ओढ आणि मधे झाडीचा पट्टा लाव. आत, प्रेक्षकांच्या अगदी विरुद्ध टोकाला, खडकांची ओळ करून तिच्यामागे पक्का निवारा दे. शांतता राखण्याच्या पाट्याही लाव, त्या गेममध्ये खरंच उपयोगी पडतात. पुष्कळांना भीती वाटते की प्राणी लपला तर प्रेक्षक निराश होतील. माझा अनुभव उलट आहे. लपायला जागा मिळाली की प्राणी निर्धास्त होतो आणि जास्त वेळ उघड्यावर येतो. खाणं, पाणी आणि खेळायच्या वस्तू मात्र काचेच्या बाजूला ठेव.

बॅरिअरबद्दल, म्हणजे प्राण्याला अडवणाऱ्या कुंपणाबद्दल, बोलताना मला नेहमी साठमारी आठवते. तू कोल्हापूरला आलास की मंगळवार पेठेतलं साठमारीचं मैदान बघून ये. शाहू महाराजांच्या काळात तिथं हत्तीची साठमारी व्हायची. हत्तीला डिवचून पळणारा माणूस दगडी बुरुजाच्या अरुंद फटीतून आत शिरायचा. माणूस जाईल एवढी फट, हत्ती जाणार नाही. तो खेळ आज कुणालाच नको आहे, मलाही नको. पण मापाचं ते शहाणपण आजच्या हत्तीखान्यांत तसंच्या तसं सापडतं: रखवालदाराला निसटता येईल एवढ्या अंतरावर जाडजूड खांब रोवलेले असतात. अंतर हाच अडसर.

आणखी एक उदाहरण. कार्ल हागेनबेक यानं १९०७ साली हँबर्गजवळ स्टेलिंगन इथं गजांशिवायचं प्राणिसंग्रहालय उघडलं. त्यानं गज काढून खंदक घातले आणि समोरून बघणाऱ्याला सिंह आणि हरणं एकाच देखाव्यात दिसू लागली. गेममध्ये हे करायला नल बॅरिअर वापर. हॅबिटॅटची हद्द बंद असावी लागते, पण ती दिसावी लागत नाही. नल बॅरिअर दिसत नाही आणि अडवतही नाही. अडवायचं काम तू खंदकाच्या उभ्या कडेनं, खडकांनी किंवा पाण्यानं करायचं. इथं उभी कडा चालते, किंबहुना हवीच. म्हणजे पक्ष्यांच्या तळ्याला तिरपा काठ आणि कोळसुंद्यांच्या खंदकाला सरळ काठ. कुठला काठ कुणासाठी आहे एवढा विचार केलास की झालं. खंदक केल्यावर मात्र प्राणी कुठून निसटू शकतो का हे हीटमॅपवर तपास. रंगीत पट्टी हद्दीच्या बाहेर सांडलेली दिसली तर तिथं भोक आहे.

मोरांचं तुला सोपं जाईल. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भल्या सकाळी गेलास तर मोर कुठं उभा राहतो ते आपोआप कळेल: झुडपांच्या कडेला. नाचायला मोकळी जमीन, धोका वाटला की आत शिरायला झुडूप आणि रात्री बसायला उंच झाड. पुन्हा काठच. मोरांच्या हॅबिटॅटमधून तू प्रेक्षकांची वाट नेऊ शकतोस, गेम परवानगी देतो. ती वाट मोकळ्या जमिनीच्या मधून नेऊ नकोस. झाडीच्या कडेनं ने, म्हणजे माणसं सावलीत आणि मोर उन्हात राहील.

आता पक्षीघर, म्हणजे जाळीचा मोठा पिंजरा. इथं एक गोष्ट स्पष्ट सांगते. मूळ गेममधले मोर, फ्लेमिंगो, शहामृग हे हॅबिटॅटमध्ये चालणारे पक्षी आहेत. ते हवेत भरारी मारत नाहीत. त्यामुळे जाळीचं छत गेमच्या नियमांसाठी लागत नाही. तरी मी ते बांधते, कारण छताखाली शिरताना माणसाची चाल बदलते. तो हळू चालतो, वर बघतो. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९६० च्या दशकात उभारलेलं स्नोडन पक्षीघर बघ. ताणलेल्या तारांवर तोललेलं, आत फिरता येणारं. आता तिथं कोलोबस माकडं राहतात, पण आकार तोच आहे. सिंगापूरचं जुरोंग बर्ड पार्क १९७१ ते २०२३ चाललं. त्यातल्या धबधब्याच्या पक्षीघरात ३० मीटर उंचीचा कृत्रिम धबधबा होता. दोन्हींतून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे उंची. तुझं छत माणसाच्या डोक्यावर जेमतेम दोन पुरुष आहे. ते चौपट कर.

जाळीचा रंग काळपट ठेव. तू पांढरी घेतलीस, त्यामुळे नजर जाळीवरच थांबते. गडद तार उजेड परत फेकत नाही, म्हणून डोळा तिच्या आरपार जातो. खऱ्या पक्षीघरांतही हेच करतात. आणि दार एक ठेवू नकोस. खऱ्या पक्षीघराला नेहमी दोन दारं असतात. पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, मधे छोटी खोली. पन्हाळ्याच्या तीन दरवाजातून आत जाताना आपण एका दारातून चौकात येतो आणि तिथून पुढच्या दारात, तसंच. तिथं शत्रूसाठी होतं, इथं पाखरासाठी. गेममध्ये या खोलीची गरज नसली तरी तिच्या अंधारातून उजेडात आल्यावर तळं एकदम समोर येतं. हा क्षण तुझ्या बागेत कुठंच नाही. तुझ्या फाटकातूनच सगळं तळं दिसतं. तिथंच प्रेक्षक थांबतात आणि तिथंच गर्दी होते.

म्हणजे गर्दीचा प्रश्नही काठाचाच आहे. तुझ्याकडे बघायची चांगली जागा एकच आहे. तळ्याभोवती सलग रस्ता नेऊ नकोस. रस्ता तळ्यापासून लांब, झाडीतून ने आणि चार ठिकाणी त्याला फाटा काढून काठापर्यंत आण. प्रत्येक फाट्याला दिसणारं काहीतरी वेगळं असू दे: एकीकडे चिखलाची घरटी, दुसरीकडे संध्यामठ, तिसरीकडे खाणं घालायची जागा. चौथा फाटा उंचावर ने. देणगीपेट्या आणि माहितीचे फलक या फाट्यांवरच ठेव, मुख्य रस्त्यावर नको. प्रेक्षक जिथं प्राणी बघतात तिथंच पैसे टाकतात. एका फाट्यावर नुसता फटीफटींचा लाकडी आडोसा कर, जसा पक्षीनिरीक्षक करतात. बांधून झालं की कॅमेरा माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर आणून सगळी वाट एकदा चालून बघ. आकाशातून बघून केलेली बाग आकाशातूनच चांगली दिसते.

खरं उडणं हवंच असेल तर चालत जाण्याच्या बंद प्रदर्शनांकडे बघ. गेमच्या २०२२ च्या ट्वायलाइट पॅक या जोडणीमध्ये इजिप्शियन फळवटवाघळं आली, नंतर ग्रासलँड्स पॅकमध्ये फुलपाखरं. पक्षी उद्यानाच्या शेवटी फुलपाखरांचं घर फार शोभतं आणि त्याला जागाही कमी लागते.

आता दिसण्याबद्दल थोडं कडक बोलते. गेममध्ये भारताची म्हणून जी बांधकामाची शैली दिली आहे, तू ती सगळीकडे लावलीस: घुमट, महिरपी, जाळ्या, सोनेरी कळस. ते कोल्हापूर दिसत नाही. आपलं कोल्हापूर म्हणजे काळा पाषाण, लाल जांभा, मंगलोरी कौलं आणि पावसानं हिरवट पडलेल्या भिंती. घुमट काढून टाक. साधे दगडी ठोकळे घे, त्यांचा रंग काळसर कर, पंचगंगेच्या घाटासारख्या रुंद पायऱ्या पाण्यात उतरव. शेवटच्या तीन पायऱ्या पाण्याखाली असू दे. छपराला कौलं, उतार चांगला तीव्र, कारण आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस कोसळतो आणि सपाट छप्पर बघितलं की इथल्या माणसाला ते खोटं वाटतं.

झाडं निवडताना आशिया खंडाचा फिल्टर लाव. चुकीच्या खंडाचं किंवा हवामानाचं झाड लावलं की प्राण्याला ते खटकतं आणि आकडा खाली येतो. तुझ्या तळ्याकाठी दोन-तीन परदेशी झाडं आहेत, ती काढ. आणि जी झाडं आत लावलीस तीच रस्त्याच्या बाजूलाही लाव. सिएटलच्या वुडलँड पार्कमध्ये १९७० च्या दशकाच्या शेवटी गोरिलांसाठी अशी जागा केली गेली, जिथं माणूस आणि प्राणी एकाच रानात उभे आहेत असं वाटावं. आत जंगल आणि बाहेर सिमेंटचे गमले, असं झालं की हद्द डोळ्यात भरते.

मागची बाजू विसरू नकोस. रखवालदाराची खोली, कर्मचाऱ्यांचा वेगळा रस्ता, पाणी शुद्ध करायचं यंत्र, ट्रान्सफॉर्मर, क्वारंटाइन, हे सगळं प्रेक्षकांच्या नजरेआड पण जवळ हवं. तळं मोठं असेल तर शुद्धीकरणाचं यंत्र सर्वांत आधी बसव. पाणी घाण झालं की पक्षी आजारी पडतात आणि मग बाकीचं सगळं करून उपयोग नाही. रंकाळ्याकाठी राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

पीसीचं थोडक्यात. प्रेक्षकांची कमाल संख्या सेटिंगमधून कमी कर, सर्वांत जास्त फरक त्यानं पडतो. सावल्यांचा दर्जा एक पायरी खाली आण. आणि जे दिसत नाही ते बांधू नकोस: तुझ्या पॅलेसला मागच्या बाजूनं पण खिडक्या आहेत, तिकडं कुणी जात नाही. वर्कशॉपमधून, म्हणजे खेळाडूंनी आपली बांधकामं ठेवलेल्या जागेवरून, उतरवलेले तयार ब्लूप्रिंट लावतानाही त्यात किती तुकडे आहेत ते बघ. एकेका सुंदर बाकड्यात शेकडो तुकडे निघतात. पैशाची चिंता आत्ताच नको, हे सगळं सँडबॉक्समध्ये, म्हणजे पैशाचं बंधन नसलेल्या प्रकारात, कर. हात बसला की चॅलेंजमध्ये, म्हणजे पैसे सांभाळून खेळायच्या प्रकारात, जा.

आणि पुढचा खड्डा खणण्याआधी एक काम कर. एका रविवारी इचलकरंजीहून पहिली एसटी पकडून ये, सात वाजायच्या आत रंकाळ्यावर पोच. वही घे, मोबाइल खिशात ठेव. जिथं पाणी उथळ आहे तिथं एका जागी तासभर बस आणि कागदावर तीन रेघा मार: एक पाण्याची, एक चिखलाची, एक गवताची. प्रत्येक पक्षी कुठल्या रेघेवर, किती उंचीवर, तुझ्यापासून किती पावलांवर आहे ते टिंब देऊन लिहीत जा. कुणी जवळून गेलं की कोण किती मागे सरकतं तेही लिही. तो कागद स्क्रीनशेजारी लावून खणायला बस, आणि तळं भरलं की मला पुन्हा चार स्क्रीनशॉट पाठव. या वेळी डोळ्याच्या उंचीवरून.